एका अंगावर दोन जहाजे

घडी घातली की तळहातावर मावतो आणि उलगडलो की अख्ख्या बंदराएवढा होतो, असा मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. माझ्यावर देश नाहीत, डोंगर नाहीत. आहे ते फक्त एक बंदर आणि त्याला बिलगून बसलेले एक शहर. मोठ्या प्रवासी जहाजातून माणसे इथे येतात, दिवसभर भटकतात आणि संध्याकाळच्या आत पुन्हा जहाजावर चढतात. त्यांनी हरवू नये म्हणून माझा जन्म झाला. आणि माझ्याच भरवशावर एक बाई हरवली. ती कशी हरवली, तेच आज मला सांगायचे आहे. सांगताना माझ्या कडा अजूनही थरथरतात.

मला काढणारा चित्रकार मोठा हट्टी माणूस होता. गल्ली पायाखालून गेल्याशिवाय तो ती कागदावर काढत नसे. त्याने माझ्यावर कारंजी काढली, बसायचे बाक काढले, इतकेच काय, पिण्याच्या पाण्याचे नळसुद्धा काढले. मग मी छापखान्यात गेलो. तिथे मला जाडजूड, गुळगुळीत अंग मिळाले, समुद्राचा निळा रंग मिळाला आणि शेवटी घड्या घालणाऱ्या यंत्राने मला कचाकचा दुमडले. त्यातली एक उभी घडी माझ्या बरोबर मधून गेली. जहाज जिथे येऊन टेकते त्या जागेला धक्का म्हणतात. या बंदरात असे दोन धक्के होते. पश्चिम धक्का माझ्या डाव्या अंगाला आला, पूर्व धक्का उजव्या अंगाला, आणि दोघांच्या मध्ये पसरली निळीशार खाडी.

मग मी जहाजावर आलो. जिन्याजवळच्या एका टेबलावर आम्ही नकाशे गठ्ठ्याने बसत असू आणि टेबलामागे आमच्या बाई बसत. प्रवाशांना वाटा समजावून देणे हे त्यांचे काम. बाई बोलायला गोड, पण कामाला वाघ! आमच्या जहाजाला कुठल्या धक्क्यावर जागा मिळेल, हे बंदर जवळ येईपर्यंत नक्की नसे. कधी पूर्वेला, कधी पश्चिमेला. म्हणून सकाळी वरून निरोप आला की बाई एक छोटासा शिक्का घेऊन आमच्या अंगावर त्या त्या धक्क्यापाशी लाल जहाज उमटवत. लाल जहाज दिसले की प्रवाशाने समजायचे, इथे परत यायचे.

माझे पहिले दिवस फार मानाचे गेले. एका आजोबांनी मला इतक्या वेळा उघडून पाहिले, की त्यांची बायको म्हणाली, "तरुणपणी माझ्याकडे एवढं बघितलं असतंत तर!" मी लाजून चूर झालो. पण कौतुक फार टिकत नाही. कोणी माझ्यावर आइस्क्रीम सांडले, कोणी मला ओल्या बाकावर अंथरून त्यावर बसकण मारली, एका गृहस्थांनी तर माझ्या कोपऱ्याने दात कोरले. संध्याकाळी लोक मला टेबलावर भिरकावून जेवायला पळत. बाई मात्र आम्हाला टाकून देत नसत. हाताने सरळ करून खणात ठेवत. पुढच्या फेरीत आमच्यावर नवे जहाज उमटवायचे आणि जुने काळ्या पेनाने खोडायचे, की आम्ही पुन्हा कामाला तयार.

फक्त बाईंची एक सवय होती. त्या आधी सगळ्या गठ्ठ्यावर नवे शिक्के मारून घेत आणि मग पेन घेऊन जुनी जहाजे खोडायला बसत. शिक्क्याची शाई सुकायला वेळ मिळतो, असे त्यांचे म्हणणे. इतकी वर्षे त्यात काही बिघडले नव्हते.

त्या सकाळी निरोप आला, आज पश्चिम धक्का. माझ्यावर मागच्या फेरीचे जहाज पूर्व धक्क्यावर होते. बाईंनी पश्चिमेला नवे जहाज ठसठशीत उमटवले आणि मला न खोडलेल्यांच्या गठ्ठ्यात ठेवले. माझ्या अंगावर आता दोन लाल जहाजे होती. बाईंनी पेनाचे टोपण काढले, तेवढ्यात एक प्रवासी चष्मा हरवल्याची तक्रार घेऊन आला आणि त्यांना जागेवरून उठवून घेऊन गेला. चष्मा त्याच्या डोक्यावरच होता, ते नंतर कळले.

रांग खोळंबली. रांगेत दोन बहिणी उभ्या होत्या. दोघींचे केस पांढरे. थोरलीला धाकटी ताई म्हणे आणि धाकटीला थोरली अजूनही छोटी म्हणे. ताईंनी आयुष्यभर कापडाच्या दुकानात कापड मोजून फाडून दिले होते. त्यांच्या हाताला आणि जिभेला सारखीच धार होती. छोटी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना दम्याचा त्रास होता. श्वास कोंडला की तोंडात फवारायचा औषधाचा पंप त्यांना जवळ ठेवावा लागे. एकदा त्या तो पंप एका खानावळीत विसरून आल्या, तेव्हापासून तो ताईंच्या पिशवीत असे.

"ही बाई येईपर्यंत दुपार होईल," ताई म्हणाल्या. "दोघींना मिळून एक पुरे. हा घेते." आणि त्यांनी जवळच्या गठ्ठ्यातून मलाच उचलले.

मी ओरडलो असतो, पण कागदाला तोंड कुठून आणणार? बाई परत आल्या तेव्हा आम्ही शिडी उतरूनही गेलो होतो.

धक्क्यापासून शहराच्या चौकापर्यंत जहाजाची बस होती. बसमध्ये छोटींचा डोळा लागला, त्यामुळे आपण कुठून कुठे आलो हे त्यांनी पाहिलेच नाही. चौकात उतरल्यावर दोघींनी मला कारंज्याच्या कठड्यावर पसरले आणि तिथेच ठिणगी पडली. ताईंना पश्चिमेकडची जुन्या झाडांची बाग बघायची होती. छोटींना पूर्वेकडे काच फुगवण्याचा कारखाना बघायचा होता. दोघींची नजर आपापल्या बोटापाशीच, लाल जहाजांकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

"धूर सोसत नाही आणि भट्टीपाशी जायचंय!" ताई म्हणाल्या. "दम लागला म्हणजे?"

"कारखान्याला खिडक्या असतात, ताई."

"बागेत चल. मोकळी हवा आहे."

"मोकळी हवा काय घरी नाही? मी वर्षानुवर्षं मुलांना काचेची चित्रं काढायला शिकवलं, आणि काच होताना एकदाही बघितली नाही. नातवंडं झाली असती एवढं वय झालं माझं, तरी कुठे जायचं ते तूच ठरवणार?"

"बरं मग, जा एकटी!"

"जातेच!"

या दोघींच्या घरची एक रीत होती. लहानपणी खाऊ असो, चादर असो की खोडरबर असो, एकीने दोन भाग करायचे आणि दुसरीने त्यातला हवा तो उचलायचा. आईने लावलेली सवय. त्यामुळे त्या भांडल्या तरी वाटणीवरून कधी भांडल्या नाहीत. आताही रागाच्या भरात हात त्याच वळणावर गेले. पाणी दोन बाटल्यांत वाटले गेले. बिस्किटे वाटली गेली. मग ताईंनी मला उचलले, मधल्या घडीवर नख फिरवले आणि कापडाला सराईत असलेल्या हातांनी मला वरपासून खालपर्यंत एका दमात फाडले.

मित्रांनो, काय वाटले म्हणून सांगू! वाटले, आपण संपलो. मग कळले की मी मेलो नाही, फक्त दोन झालो आहे. इकडूनही बघतो आहे आणि तिकडूनही.

छोटींनी पूर्वेचा तुकडा उचलला, कारण कारखाना त्यावर होता. ताईंनी उरलेला पश्चिमेचा घेतला.

"जहाज दिसतंय ना त्याच्यावर?" ताईंनी दुसरीकडे बघत विचारले.

"दिसतंय. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

आणि दिसत होतेच! दोघींच्याही हातात एकेक लाल जहाज होते. ताईंच्या हातातले खरे, छोटींच्या हातातले जुने. ताईंना बसची वाट पाठ होती, त्यांनी आपला तुकडा न बघताच पिशवीत घातला, आणि छोटी फुरंगटून आपल्याच तुकड्याकडे बघत राहिल्या. पंप मात्र वाटण्यासारखा नव्हता, म्हणून तो कोणालाच आठवला नाही. तो ताईंच्या पिशवीत बसून बागेकडे निघाला.

कारखान्यात छोटी हरखून गेल्या. कारागिराने नळीच्या टोकाला लालबुंद गोळा घेतला, फुंकला, फिरवला, आणि बघता बघता त्याची सुरई झाली. छोटी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या. मधूनमधून त्यांना खोकला येत होता. दर खोकल्याबरोबर माझा जीव टांगणीला लागत होता. निघताना त्यांनी मला उघडले. कारखान्याच्या अगदी जवळ, दोनतीन वळणांवर, ते जुने लाल जहाज दिमाखात उभे होते.

"अगं बाई, इथेच तर आहे! चौकात जाऊन बस कशाला पकडायची?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "ताईच्या आधी पोचते आणि शिडीवर उभी राहून हात हलवते. जिरेल तिची."

मी कडा ताठ केल्या, वाऱ्यावर फडफडलो, त्यांच्या हातातून निसटायचा प्रयत्न केला. त्यांनी मला घट्ट दुमडले आणि चालू लागल्या.

वाट गोदामांमधून जात होती. दोन्ही बाजूंना उंच भिंती, समुद्र कुठेच दिसेना. चढ लागला. छोटींच्या छातीतून बारीक शिटी वाजू लागली. एका लोखंडी फाटकातून त्या आत गेल्या आणि समोर आला पूर्व धक्का. रिकामा. दोरांची वेटोळी, जहाजे बांधायचे गंजलेले खुंट आणि पाणी. खाडीपलीकडे, दूर, आमचे पांढरे जहाज उभे होते.

त्यांनी मला उघडले. जहाजाकडे बघितले, माझ्याकडे बघितले. मला उलटे केले, पुन्हा सुलटे केले. मग भीतीने त्यांचा श्वास एकदम वर ओढला गेला. हात पिशवीत गेला. एकदा, दोनदा. मग त्यांना आठवले.

"ताई..." त्या म्हणाल्या आणि एका खुंटावर बसल्या.

तिकडे पश्चिम धक्क्यावर ताई बसमधून उतरल्या होत्या. शिडीपाशी प्रत्येक प्रवाशाचे कार्ड यंत्राला लावले की टिंग असा आवाज येतो. टिंग टिंग करत माणसे वर जात होती. ताई खाली उभ्या राहिल्या. बसमागून बस आली, छोटी आल्या नाहीत. शेवटची बस आली. तिच्यातून चालक तेवढा उतरला.

"वर चला, आजी," शिडीवरचा अधिकारी म्हणाला. "शिडी काढायची वेळ झाली."

"माझी बहीण यायची आहे."

"एक कार्ड वाजायचं राहिलंय खरं. पण ओहोटी लागते आहे. आता नाही निघालो तर जहाज उथळ पाण्यात अडकेल. वर दोन हजार माणसं आहेत हो."

"तिचा पंप माझ्याकडे आहे!" ताई ओरडल्या. त्यांनी पिशवी उघडून दाखवली, जणू अधिकाऱ्याचा विश्वास बसत नव्हता. पिशवीतून मी खाली पडलो.

आमच्या बाई एव्हाना धावत शिडी उतरून आल्या होत्या. त्यांनी मला उचलले. माझी फाटलेली कड बघितली. मग माझ्यावर कुठे काळी काट आहे का ते बघितले.

"दुसरा अर्धा कुठे आहे?"

"तिच्याकडे. बहिणीकडे. तुम्ही उठून गेलात तेव्हा गठ्ठ्यातून उचलला होता मी हा."

बाईंना सगळा घोळ कळला. त्या गप्प राहिल्या असत्या तर कोणाला काही कळलेही नसते. पण त्या लगेच अधिकाऱ्याकडे वळल्या.

"साहेब, त्या शहरात हरवलेल्या नाहीत. त्या पूर्व धक्क्यावर आहेत. ह्या नकाशावर जुना शिक्का राहिला होता. मी खोडला नाही. त्यांच्या हातात चुकीचं जहाज दिलंय मी."

"नक्की?"

"नक्की. नकाशा सांगेल तिथेच गेल्या असणार त्या."

बंदरातून मोठे जहाज बाहेर काढायला तिथला माहीतगार पायलट वर चढतो. त्याला आणून सोडणारी छोटी लाँच जहाजाच्या पोटाशी डुलत उभी होती. बाईंनी हाका मारून तिला धक्क्याला बोलावले. रस्त्याने पूर्व धक्का म्हणजे सगळ्या खाडीला वळसा होता. पाण्यातून तो समोर होता.

"मला जहाजामागे खाडीच्या तोंडापर्यंत जायचंय, पायलटसाहेबांना उतरवून घ्यायला," लाँचवाला म्हणाला. "पण पूर्व धक्का वाटेतच आहे. सोडतो. परत मात्र आणता येणार नाही."

अधिकारी ताईंना म्हणाला, "आजी, नीट ऐका. पंप ह्यांच्याजवळ द्या, ते पोचवतील. तुम्ही गेलात तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही."

"जाऊ द्या तुमचं जहाज," ताई म्हणाल्या. त्यांनी पिशवी गळ्यात अडकवली, मला बाईंच्या हातातून ओढून घेतले आणि लाँचमध्ये पाय टाकला. लाँच हलली, ताई पडता पडता वाचल्या. मागे बाई शिडीवरून वर पळत होत्या. मागे राहिलेल्या प्रवाशांचे जहाजावर जमा असलेले पासपोर्ट कंपनीच्या बंदरातल्या एजंटकडे देऊन जायचे असतात. ते शोधून खाली फेकण्यापुरताच वेळ त्यांच्याकडे होता.

पूर्व धक्क्यावर छोटींजवळ आता एक पहारेकरी गुडघे टेकून बसला होता. त्याने केबिनमधून रुग्णवाहिकेला फोन केला होता, पण ती शहरातल्या गर्दीतून यायची होती.

"बाई, वाकू नका. सरळ बसा. बोलू नका काही," तो म्हणत होता. त्याच्याजवळ वारा घालायला दुसरे काही नव्हते, म्हणून तो मलाच हलवत होता. मी हललो, मित्रांनो. जन्मात कधी हललो नव्हतो इतका जीव तोडून हललो. पण छोटींना हवेची कमतरता नव्हती. हवा आत जात नव्हती. त्यांचे ओठ निळसर होत चालले होते आणि डोळे त्या पांढऱ्या जहाजावर खिळले होते. त्या जहाजाची शिडी वर जाताना आम्ही दोघांनी पाहिली. छोटींना वाटले, ताई त्यात बसून निघाल्या. त्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात धक्क्याच्या खालून लाँचचा आवाज आला. पाण्यापासून वरपर्यंत भिंतीत लोखंडी पायऱ्या होत्या, शेवाळाने बुळबुळीत झालेल्या. सांधेदुखीने जिने टाळणाऱ्या ताई त्या पायऱ्या चढल्या. एकदा पाय घसरला. लाँचवाल्याने खालून टाच धरली. "नका धरू, वर ढकला!" त्या त्याच्यावर खेकसल्या.

"छोटे! ए छोटे! तोंड उघड!"

पंप हलवला. एक फवारा. थांबायचे. दुसरा फवारा. ताईंनी पंप जागचा हलू दिला नाही. काहीच होईना. शिटी तशीच. पहारेकरी माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. ताईंनी आणखी एक फवारा दिला आणि बहिणीची पाठ चोळायला लागल्या. "घे गं श्वास. घे. मी नाही रागावणार. कधी नाही रागावणार."

मग कुठेतरी आत एक दार किलकिले झाल्यासारखा छोटींचा श्वास आत गेला. अर्धा. मग थोडा मोठा. मग पूर्ण. ओठांचा निळा रंग सावकाश उतरला.

खाडीत भोंगा वाजला. आमचे पांढरे जहाज त्या दोघींच्या समोरून, इतक्या जवळून की कठड्यावरची माणसे ओळखू यावीत, संथपणे बाहेर निघाले. आमच्या बाई अगदी मागच्या कठड्यावर उभ्या होत्या. दोन्ही हात तोंडावर दाबून त्या इकडे बघत होत्या. पहारेकऱ्याने हात उंच करून हलवला, सगळे ठीक आहे असे दाखवले. बाईंनीही दोन्ही हात उंच करून हलवले.

छोटींनी पहिल्यांदा तोंड उघडले. "ताई, जहाज गेलं."

"जाऊ दे मेलं," ताई म्हणाल्या. "तू बोललीस ना." आणि इतका वेळ एक टिपूस न काढलेल्या ताई भर धक्क्यावर ओक्साबोक्शी रडू लागल्या.

रुग्णवाहिका आली, डॉक्टरांनी छोटींना रात्रभर ठेवून घेतले. एजंटने दुसऱ्या दिवशी दोघींना गाडीने पुढच्या बंदराला नेले आणि तिथे त्या पुन्हा जहाजावर चढल्या. पंप छोटींच्या गळ्यात दोरीने लटकत होता. ताईंनी माझे दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले. बाई माफी मागायला लागल्या. ताई म्हणाल्या, "रांग सोडून गठ्ठ्यातून उचलला तो मीच. आता ह्याला जोडा आधी."

बाईंनी मला मागून चिकटपट्टी लावली आणि पूर्वेच्या जहाजावर काळी, जाड काट मारली. आता संध्याकाळी नकाशे परत आले की जुना शिक्का लगेच, तिथल्या तिथे खोडला जातो. नवा सकाळी. मी मात्र आता कामाला जात नाही. टेबलाच्या काचेखाली असतो. प्रवासी विचारतात, हा फाटका कागद कशाला ठेवलाय? बाई एकदाही टाळाटाळ करत नाहीत, सगळे सांगतात.

मित्रांनो, मी तिथे पडल्या पडल्या एकाच गोष्टीचा विचार करतो. त्या दिवशी कारंज्यापाशी दोघींपैकी एकीने जरी मान वळवून दुसरीच्या तुकड्यात डोकावले असते, तरी तिला दुसरे लाल जहाज दिसले असते आणि सगळे तिथेच थांबले असते. एवढीशी मान वळली नाही. म्हणून माझे तुम्हाला कळकळीचे सांगणे आहे. भांडा, रुसा, आपापल्या वाटेने जा. पण निघण्याआधी आपल्या माणसाच्या हातात काय आहे, ते एकदा नीट बघून घ्या. माझे काय, मी कागद आहे, मला चिकटपट्टी पुरते.